डीझेल एंजिन प्रतिस्थापन, पिकअप वाहनातील

मूळ पेट्रोल एंजिन असलेल्या पिकअप जातीच्या हलक्या मालवाहू गाडीतून ते एंजिन काढून त्या जागी डीझेल एंजिन बसविण्याची क्रिया. चालकासाठी बंदिस्त कक्ष आणि त्यामागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा अशी पिकअपची रचना असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे शेतकरी, बांधकामाचे ठेकेदार आणि जड अनुयान ओढणारे व्यावसायिक अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर वापरतात. कमी इंधनात अधिक अंतर, कमी वेगात अधिक ओढ आणि दीर्घ आयुष्य हे या प्रतिस्थापनाचे मुख्य हेतू होत. वाहनाचा सांगाडा, कमानपाटे, क्लच, गिअरपेटी, आस, ब्रेक, इंधन टाकी आणि विद्युत् यंत्रणा हे सर्व भाग मूळ एंजिनाचे वजन, वेग व जोर लक्षात घेऊन एकमेकांशी जुळविलेले असतात. एंजिन बदलताच ही जुळणी मोडते व ती पुन्हा प्रस्थापित करावी लागते. म्हणून प्रतिस्थापनाचे यशापयश नव्या एंजिनाच्या गुणवत्तेपेक्षा भोवतालच्या भागांत केलेल्या फेरबदलांवर अधिक अवलंबून असते.

दोन एंजिनांतील फरक : पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरात शिरते, दट्ट्या ते दाबतो आणि ठिणगी-गुडीने पाडलेल्या ठिणगीने ते पेटते. मिश्रण अकाली पेटू नये म्हणून संपीडन गुणोत्तर (दट्ट्या खालच्या व वरच्या टोकाला असतानाच्या सिलिंडरातील घनफळांचे गुणोत्तर) मर्यादित ठेवावे लागते. जुन्या पिकअप गाड्यांत ते सर्वसाधारणपणे ८ ते ९ असे. शक्तीचे नियंत्रण आत येणाऱ्या हवेच्या वाटेवरील झडपेने होते. ही झडप अर्धवट मिटलेली असताना अंतर्ग्रहण नलिकेत अंशतः निर्वात उत्पन्न होतो आणि त्याचा उपयोग गाडीतील इतर कामांसाठी करून घेतात.

डीझेल एंजिनात नुसती हवा आत घेतात. तिचे १६ ते २२ पट संपीडन झाल्यामुळे ती इतकी तापते, की तिच्यात उच्च दाबाने फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. ठिणगीची गरज नसते. शक्तीचे नियंत्रण फवारलेल्या इंधनाच्या मात्रेने होते व हवेची वाट मोकळीच असते. या भेदातून पुढील परिणाम संभवतात : (१) उच्च दाब सोसण्यासाठी ठोकळा, भुजादंड व संयोगदांडे भक्कम करावे लागतात, त्यामुळे एंजिन जड होते, (२) जड फिरत्या भागांमुळे व ज्वलनास लागणाऱ्या वेळामुळे एंजिनाचा कमाल वेग कमी राहतो, (३) अंतर्ग्रहण नलिकेत उपयोगी पडेल इतका निर्वात मिळत नाही, (४) ठिणगीचा विद्युत् प्रवाह तोडून एंजिन बंद करता येत नाही, इंधन तोडावे लागते. प्रतिस्थापनातील बहुतेक सर्व अडचणींचे मूळ या चार बाबींत आहे.

डीझेल एंजिनाची काटकसरही याच भेदातून येते. उच्च संपीडनामुळे इंधनातील उष्णतेचा सु. ३५ ते ४० टक्के भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होऊ शकतो. जुन्या पेट्रोल एंजिनांत हे प्रमाण सु. २५ ते ३० टक्के असे. गाडी अंशभारावर चालत असताना अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात पेट्रोल एंजिनाचे जे कार्य वाया जाते ते डीझेल एंजिनात वाचते. शिवाय समान घनफळाच्या पेट्रोलपेक्षा डीझेल तेलात सु. १० ते १५ टक्के अधिक ऊर्जा असते. त्यामुळे दर लिटरमागे कापलेल्या अंतरातील सर्वच वाढ एंजिनाच्या कार्यक्षमतेची नसते.

इतिहास : रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यांनी आपल्या एंजिनासाठी १८९२ मध्ये एकस्वाचा अर्ज केला आणि १८९७ मध्ये त्याचे यशस्वी प्रात्यक्षिक झाले. आरंभीच्या एंजिनांत इंधन संपीडित हवेच्या साहाय्याने फवारीत असल्याने ती अवजड होती व कारखाने आणि जहाजे यांपुरतीच मर्यादित राहिली. १९२० नंतरच्या दशकात हवेविना इंधन फवारण्याच्या पद्धती विकसित झाल्या. १९२७ पासून बॉश या जर्मन कंपनीचे अंतःक्षेपण पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर डीझेल एंजिन रस्त्यावरील वाहनांत वापरणे सुलभ झाले.

अमेरिकेतील डीझेल मोटारगाडीचा आरंभच मुळी प्रतिस्थापनाने झाला. इंडियाना राज्यातील कोलंबस येथील एंजिन कारखानदार क्लेसी कमिन्स यांनी १९२९ च्या अखेरीस एका वापरलेल्या पॅकार्ड मोटारीत आपल्या कारखान्यातील डीझेल एंजिन बसविले. जानेवारी १९३० मध्ये ते या गाडीने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनास गेले. सु. १,३०० किमी.च्या या प्रवासास अवघ्या १ डॉलर ३८ सेंटचे इंधन लागले. इंग्लंडमध्ये पीटरबरो येथे १९३२ मध्ये फ्रँक पर्किन्स व चार्ल्स चॅपमन यांनी वेगवान डीझेल एंजिने बनविण्यासाठी कंपनी स्थापन केली. तिचे १९३७ मधील सहा सिलिंडरांचे ‘पी-६’ एंजिन पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकांत बसविण्यासाठी विशेष लोकप्रिय झाले.

१९७३ मधील खनिज तेलाच्या टंचाईनंतर अमेरिकेत या विषयास पुन्हा महत्त्व आले. जनरल मोटर्स कंपनीने १९७८ च्या सुमारास ओल्ड्समोबील विभागात विकसित केलेले ५·७ लि. धारणेचे आठ सिलिंडरांचे डीझेल एंजिन मोटारींत व हलक्या पिकअप गाड्यांत देण्यास सुरुवात केली. त्याची मांडणी त्याच विभागाच्या पेट्रोल एंजिनावरून घेतलेली होती. ठोकळा अधिक मजबूत केलेला असला, तरी सिलिंडर-शीर्ष आवळून धरणाऱ्या बोल्टांची संख्या व मांडणी जवळजवळ पूर्वीचीच राहिली. सु. २२ पट संपीडनाच्या दाबाखाली बोल्ट ताणले जाऊन गॅस्केटे निकामी होऊ लागली. इंधनातील पाणी वेगळे करण्याची सोय नसल्याने अंतःक्षेपण पंपही गंजत. अनेक मालकांनी ही एंजिने काढून त्या जागी पेट्रोल एंजिने बसविली आणि १९८५ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. डीझेल एंजिन हे केवळ ‘अधिक दाबाचे पेट्रोल एंजिन’ नव्हे, हे या अनुभवाने स्पष्ट झाले.

मुळातच डीझेलसाठी आखलेली एंजिने पिकअपमध्ये त्यानंतर आली : १९८२ मध्ये जनरल मोटर्सचे ६·२ लि., १९८३ मध्ये फोर्ड गाड्यांत इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६·९ लि. आणि १९८९ मध्ये डॉज गाड्यांत कमिन्सचे सहा सिलिंडरांचे ५·९ लि. एंजिन. अपघातग्रस्त किंवा गंजलेल्या गाड्यांतून निघालेली ही एंजिने बाजारात उपलब्ध होऊ लागल्यावर खाजगी कार्यशाळांतून प्रतिस्थापनाचा प्रसार झाला. पाव व अन्य खाद्यपदार्थ दुकानांना पुरविणाऱ्या चौकोनी गाड्यांतील कमिन्सचे ३·९ लि. धारणेचे चार सिलिंडरांचे एंजिनही यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले.

एंजिनाची निवड : तुलनेसाठी मूळ एंजिनाची केवळ अश्वशक्ती पाहणे पुरेसे नसते. शक्ती ही परिपीडन (भुजादंडाला फिरविणारा जोर) व फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. १९८० च्या सुमाराच्या शेव्हर्ले पिकअपमधील ५·७ लि. पेट्रोल एंजिनाची शक्ती सु. १६५ अश्वशक्ती, तर १९८९ च्या डॉजमधील ५·९ लि. कमिन्स एंजिनाची १६० अश्वशक्ती होती. शक्ती अशी जवळजवळ सारखी असूनही पहिल्याचे कमाल परिपीडन सु. ३७० न्यूटन-मीटर व दुसऱ्याचे सु. ५४० न्यूटन-मीटर होते आणि दुसरे आपले काम दर मिनिटास २,५०० फेऱ्यांच्या आतच करी. भार ओढण्यास हे सोयीचे असले, तरी वाढलेला प्रत्येक न्यूटन-मीटर क्लच, गिअरपेटी व आस यांना सोसावा लागतो.

वजनातील फरक याहून ठळक आहे. वरील पेट्रोल एंजिन सु. २६० किग्रॅ., तर कमिन्सचे सहा सिलिंडरांचे एंजिन सु. ५०० किग्रॅ. भरते. म्हणजे पुढील आसावर तीन-चार माणसांचे वजन कायमचे वाढते. चार सिलिंडरांचे एंजिन सु. ३५० किग्रॅ. असते व लांबीला कमी असल्याने लहान गाडीत मावते. मात्र एका ओळीतील चार सिलिंडरांच्या रचनेत दट्ट्यांच्या हालचालीतून उत्पन्न होणारी काही जडत्वीय प्रेरणा असंतुलित राहते. संतुलक दंड नसल्यास ती गाडीच्या सांगाड्याला जाणवते. सहा सिलिंडरांच्या सरळ एंजिनात अशा प्रेरणा परस्परांना छेद देतात. लहान एंजिन निवडून वजन वाचविणाऱ्यास कंप स्वीकारावा लागतो, तर मोठे एंजिन निवडणाऱ्यास सांगाडा व कमानपाटे बदलावे लागतात. जनरल मोटर्सच्या ६·२ लि. एंजिनाची पाठीमागील बोल्टांची मांडणी त्याच कंपनीच्या शेव्हर्ले पेट्रोल एंजिनासारखीच असल्याने ते त्या गाड्यांत सहज बसते. त्याची शक्ती मात्र बेताचीच आहे.

यांत्रिक जुळणी : नवे एंजिन बसविण्यापूर्वी त्याची लांबी, पंख्यासाठी लागणारी जागा आणि तेलकुंडाचा आकार यांची मोजणी करतात. पुढची चाकेही चालविणाऱ्या गाडीत तेलकुंडाचा खोल भाग पुढील आसावर आदळण्याचा संभव असतो. कमानपाटे पूर्ण दाबले गेल्यावर किती जागा उरते, हे पाहूनच एंजिनाची उंची ठरवितात. एंजिनाचे आधार सांगाड्याला वितळजोडाने किंवा बोल्टांनी पक्के करतात व मध्ये रबराच्या गाद्या ठेवतात. गाद्या फार कठीण असल्यास कंप चालकाच्या कक्षात पोहोचतो. फार मऊ असल्यास जोर लावताना एंजिन कलते व नळ्या तुटतात.

एंजिन व गिअरपेटी वेगवेगळ्या निर्मात्यांची असल्यास त्यांच्यामध्ये जोडपट्ट बसवावा लागतो. भुजादंडाचा अक्ष व गिअरपेटीच्या प्रवेश-दंडाचा अक्ष एका रेषेत असणे अत्यावश्यक असते. तबकडीच्या मापकाने हे तपासतात व मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशांहून अधिक विचलन राहू देत नाहीत. हे काम अंदाजाने केल्यास दोष लगेच दिसत नाही. काही हजार किमी. धावल्यावर धारवे झिजून गिअरपेटी निकामी होते. डीझेल एंजिनाचा प्रत्येक स्फोट अधिक तीव्र असल्याने प्रचक्र किंवा फ्लायव्हील जड लागते आणि क्लचच्या तबकडीत झटके शोषणाऱ्या स्प्रिंगा असाव्या लागतात.

गिअर व आस-गुणोत्तर : मूळ आस-गुणोत्तर पेट्रोल एंजिनाच्या अधिक वेगास अनुसरून ठरविलेले असते. समजा, चाकाचा व्यास ७८·५ सेंमी. आहे. ताशी १०० किमी. वेगाने जाताना चाक मिनिटास सु. ६७६ फेरे घेते. आस-गुणोत्तर ४·१० व गिअर सरळ (१ : १) असल्यास एंजिनाला मिनिटास सु. २,७७० फेरे घ्यावे लागतील. दर मिनिटास ४,००० फेऱ्यांवर सहज जाणाऱ्या पेट्रोल एंजिनास हे सोपे आहे. परंतु ज्याचा गतिनियंता २,५०० च्या आसपास इंधन तोडतो त्या डीझेल एंजिनास हा वेग गाठताच येणार नाही. गुणोत्तर ३·५४ केल्यास हा आकडा सु. २,३९० होतो. ०·७५ गुणोत्तराचा अधिगती गिअर त्यात जोडल्यास तो सु. १,८०० वर येतो आणि तेथे असे एंजिन काटकसरीने चालते. म्हणून मागील आसाची दंतचक्रे किंवा गिअरपेटी किंवा दोन्ही बदलावी लागतात. चारही चाके चालणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या आसांचे गुणोत्तर एकच राहील याची दक्षता घ्यावी लागते.

स्वयंचलित गिअरपेटीत आणखी एक अडचण असते. तिच्यातील वेगमापी नियंता पेट्रोल एंजिनाच्या वेगाला अनुसरून गिअर बदलतो; त्याची फेरजुळणी न केल्यास डीझेल एंजिन आपल्या कमाल वेगाला पोहोचूनही गिअर बदलला जात नाही. अंतर्ग्रहण नलिकेतील निर्वातावरून भार ओळखणाऱ्या गिअरपेटीला तर कोणताच संकेत मिळत नाही. तिच्यासाठी वेगळी झडप जोडावी लागते.

ब्रेक व अग्रभाग : पेट्रोल गाडीत ब्रेकच्या पायपट्टीवरील जोर वाढविणारे साधन एंजिनातील निर्वातावर चालते. डीझेल एंजिनात हा निर्वात नसल्याने स्वतंत्र निर्वात-पंप बसवितात किंवा सुकाणूला साहाय्य करणाऱ्या तेल-पंपाच्या दाबावर चालणारे साधन वापरतात. ही तरतूद न केल्यास पायपट्टी कठीण होते आणि वाढलेल्या वजनाची गाडी थांबविण्यास चालकाचे बळ अपुरे पडते. प्रतिस्थापनातील हा सर्वांत धोकादायक प्रमाद होय. वाढलेल्या भारासाठी पुढचे कमानपाटे अधिक ताठ करणे, ब्रेकच्या तबकड्या व चाकांचे धारवे त्या भाराला पुरेसे आहेत की नाहीत हे पाहणे आणि चाकांची दिशा पुन्हा जुळविणे ही कामेही ओघाने येतात. शिवाय पेट्रोल एंजिनाप्रमाणे हवेची झडप मिटून गाडीला एंजिनाचा अवरोध मिळत नाही. म्हणून जड अनुयान घेऊन घाट उतरणाऱ्या गाड्यांत निष्कास वायूंची वाट अडविणारा ब्रेक जोडतात.

इंधन व विद्युत् यंत्रणा : अंतःक्षेपण पंपाचे भाग अतिशय सूक्ष्म मापांत घासून बसविलेले असतात व डीझेल तेल हेच त्यांचे वंगण असते. टाकीत उरलेले पेट्रोल, गंज किंवा पाणी त्यांना घातक ठरते. म्हणून टाकी व नळ्या धुऊन घेतात किंवा बदलतात आणि पाणी वेगळे करणारा गाळक बसवितात. अंतःक्षेपकांकडून उरलेले इंधन टाकीकडे परत नेणारी नळीही लागते. कार्ब्युरेटर असलेल्या अनेक जुन्या गाड्यांत ती नसते. गाळक बदलल्यावर नळ्यांतील हवा काढून टाकावी लागते, अन्यथा एंजिन चालू होत नाही. अमेरिकेत शिसेरहित पेट्रोलसाठी अरुंद केलेल्या टाकीच्या तोंडात डीझेल पंपाचे मोठे नोझल शिरत नाही. ते तोंड बदलून त्यावर ‘डीझेल’ असे ठळक लिहिणे इष्ट असते.

उच्च संपीडनाविरुद्ध एंजिन फिरविण्यासाठी मोठा स्टार्टर व बहुधा समांतर जोडलेल्या दोन विद्युत् घटमाला लागतात. थंडीत एंजिन सुरू होण्यासाठी काही एंजिनांत तापगुडी, तर कमिन्सच्या एंजिनात आत येणारी हवा तापविणारी जाळी असते. जुना वेगदर्शक ठिणगीच्या यंत्रणेतून संकेत घेत असल्याने तो निरुपयोगी होतो. टर्बोभारक असलेल्या एंजिनात निष्कास वायूंचे तापमान दाखविणारा मापक बसविणे हिताचे असते, कारण इंधनाची मात्रा वाढवून शक्ती वाढविण्याच्या प्रयत्नात दट्ट्ये वितळण्याचा धोका असतो.

सुरक्षितता : टर्बोभारकाच्या गळतीतून वंगण तेल किंवा आसपासच्या हवेतून ज्वलनशील वायू सिलिंडरात शिरल्यास डीझेल एंजिन त्यावरच चालू लागते आणि इंधन तोडूनही थांबत नाही. त्याचा वेग अनावर वाढत जातो. अशा वेळी हवेची वाट पूर्ण बंद करणे हाच उपाय असतो; त्यासाठी काही गाड्यांत झडप ठेवलेली असते. उच्च दाबाने निघणारा इंधनाचा फवारा त्वचेत घुसून गंभीर इजा करतो. म्हणून गळती शोधताना हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरतात.

आर्थिक विचार : प्रतिस्थापन लाभदायक आहे की नाही, हे गाडी वर्षाला किती धावते यावर ठरते. उदा., एखादी पिकअप पेट्रोलवर लिटरमागे ५ किमी. व प्रतिस्थापनानंतर डीझेलवर ७·५ किमी. जाते असे मानू. वर्षाला २०,००० किमी. धावल्यास पेट्रोल ४,००० लि., तर डीझेल सु. २,६७० लि. लागेल. दोन्ही इंधनांचा भाव सारखा असेल, तर वार्षिक बचत सु. १,३३० लि. होईल. एंजिन, जोडपट्ट, आसाची दंतचक्रे, ब्रेकचे साधन व मजुरी मिळून खर्च ८,००० लि. पेट्रोलच्या किंमतीइतका झाल्यास तो भरून येण्यास सहा वर्षे लागतील. डीझेल पेट्रोलपेक्षा २५ टक्क्यांनी महाग असेल, तर हाच काळ सु. बारा वर्षांवर जाईल. गाडी वर्षाला केवळ ५,००० किमी. धावत असेल, तर भाव सारखे असूनही चोवीस वर्षे लागतील. म्हणजे बहुधा गाडीचे उरलेले आयुष्य संपेपर्यंतही खर्च निघणार नाही. सतत जड अनुयान ओढणाऱ्या गाडीत बचतीचे प्रमाण अधिक असते आणि एंजिनाचे दीर्घ आयुष्यही उपयोगी पडते. घरगुती वापराच्या गाडीत मात्र हा खर्च हौसेचा समजावा लागतो. अमेरिकेत एकविसाव्या शतकात डीझेल तेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग राहिल्याने तेथील प्रतिस्थापनामागे काटकसरीपेक्षा ओढ व टिकाऊपणा हे हेतू प्रबळ ठरले.

प्रदूषण व कायदा : डीझेल एंजिनातून कार्बन मोनॉक्साइड कमी, परंतु काजळीचे सूक्ष्म कण व नायट्रोजनाची ऑक्साइडे अधिक बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूंचा समावेश मानवात निश्चित कर्ककारक असलेल्या गटात केला. अमेरिकेत स्वच्छ हवा अधिनियमाखाली वाहनातील प्रदूषण-नियंत्रक साधने काढून टाकणे निषिद्ध आहे. एंजिन बदललेली गाडी त्याच किंवा त्यानंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित वाहन-रचनेशी जुळली पाहिजे, अशी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका आहे. जुन्या सांगाड्यात त्याहून जुने एंजिन बसविणे या कसोटीस उतरत नाही. कॅलिफोर्निया राज्यात अशा गाड्यांची अधिकृत तपासनीसाकडून पाहणी होते. निष्कास गाळक व रासायनिक शुद्धीकरण यंत्रणा असलेल्या अलीकडच्या एंजिनांत संगणकीय नियंत्रण इतके गुंतलेले असते, की गाळक, संवेदक व नियंत्रक यांसह संपूर्ण संच हलविल्याशिवाय एंजिन नीट चालत नाही. परिणामी केवळ यांत्रिक अंतःक्षेपण पंपावर चालणाऱ्या जुन्या एंजिनांना प्रतिस्थापनासाठी विशेष मागणी राहिली.

भारतातील स्थिती : भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास रस्त्यांवरील ट्रक मुख्यतः अमेरिकन बनावटीचे व पेट्रोलवर चालणारे होते. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या डॉज व फार्गो ट्रकांत पुढे पर्किन्सचे पी-६ एंजिन देण्यात येऊ लागले. हे एंजिन मद्रास (आता चेन्नई) येथे सिंप्सन कंपनी बनवीत असे. १९५४ पासून टाटा-मर्सिडीझ डीझेल ट्रक बाजारात आल्यावर पेट्रोल ट्रकांचे महत्त्व झपाट्याने कमी झाले. हलक्या वाहनांत मात्र पेट्रोल एंजिन टिकून होते. डीझेलचा भाव शासकीय धोरणामुळे दीर्घकाळ पेट्रोलपेक्षा बराच कमी राहिल्याने जीप, अँबॅसडर व टॅक्सी यांत गॅरेजांतून डीझेल एंजिने बसविण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. महिंद्र अँड महिंद्र कंपनीनेही आपल्या मूळच्या पेट्रोल जीपमध्ये प्रथम ट्रॅक्टरच्या घराण्यातील व नंतर प्यूजो परवान्याचे डीझेल एंजिन दिले. अमेरिकेतील प्रतिस्थापनाची प्रेरणा मुख्यतः ओढ ही, तर भारतातील मुख्यतः भावांतील तफावत ही होती. मुंबईतही पेट्रोल टॅक्सींत डीझेल एंजिने बसविली गेली. परंतु शहरातील धुराबाबतच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर टॅक्सी नैसर्गिक वायूकडे वळल्या. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये व डीझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यावर दोहोंतील अंतर घटले आणि रूपांतराचे आर्थिक कारणही दुबळे झाले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त रूपांतर संच विहित अटींवर बसविता येतात. अशा संचांची चाचणी घेणाऱ्या संस्थांत पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. नोंदणीतील इंधन व एंजिन क्रमांक प्रत्यक्षाशी न जुळणाऱ्या गाडीला अपघातानंतर विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येऊ शकते. त्यामुळे पूर्वी केवळ कारागिराच्या कौशल्यावर सोपविलेला हा व्यवहार आता परवानगी व चाचणी यांखेरीज पूर्ण होत नाही.

तांत्रिकदृष्ट्या योग्य एंजिन, जुळलेले गुणोत्तर, पुरेसे ब्रेक व स्वच्छ इंधन-यंत्रणा यांची तरतूद केल्यास असे वाहन दीर्घकाळ विश्वासाने काम देते. यांपैकी एकाही बाबीत काटकसर केल्यास इंधनात वाचलेला पैसा दुरुस्तीत जातो. ब्रेकच्या बाबतीत केल्यास वाहनातील व रस्त्यावरील माणसांचे जीवित धोक्यात येते.